कोंबडपाल्याचं पेटंट

धाकलू तसा खोटं बोलणाऱ्यातला माणूस नव्हे. उभ्या जन्मात एकदाच काय ते ठरवून खोटं बोलला, आणि तेही कुणाशी, तर थेट विद्यापीठाशी. आता एकदाच बोलायचं तर माणसानं लहानसहान ठिकाणी बोलावं की नाही? पण नाही.

डोळखांबच्या पुढे एसटी जिथून मागे फिरते, तिथून तासभर चढलं की धाकलूचा पाडा लागतो. पंचवीसेक घरं, वर नाचणीची वरकस जमीन, खाली भाताची खाचरं. एवढ्याशा पाड्याचं नाव शहापूर आणि मुरबाड दोन्ही तालुक्यांत लोकांच्या तोंडी असायचं ते धाकलूच्या जखमेच्या औषधामुळे. कुऱ्हाड निसटून पायात गेलेली, हात भाजलेला, वाशिंदच्या कारखान्यात पत्र्यानं कापलेलं, साखरेच्या आजारानं तळवा सडलेला, अशी माणसं डोली करून आणायचे आणि महिन्याभरात ती आपल्या पायांनी घरी जायची. सगळीच जायची असं नाही, पण बरीच जायची.

औषध धाकलूला त्याच्या काकाकडून, गोमाकडून, मिळालं होतं. मरणाच्या आधी गोमा त्याला एकट्याला आज्या डोंगराच्या कड्याखाली घेऊन गेला, झाड दाखवलं, मुठीत तांदूळ दिले आणि शपथ घातली. झाडाला आधी तांदूळ वाहायचे आणि मग कुणाशी न बोलता डाव्या हातानं पाला तोडायचा. तोडणाऱ्यानं वाटायचं नाही, वाटणारीनं औषधाबद्दल तोंड उघडायचं नाही. आणि कुणी झाड विचारायला आलंच तर त्याला भलतंच दाखवायचं, कारण खरं झाड परक्याला दाखवलं की औषधाचा गुण गेला.

धाकलूनं हे सगळं अक्षरशः पाळलं. पेशंट आला की तो डोंगर चढायचा, दोन-अडीच तासांनी घामानं निथळत उतरायचा आणि फडक्यात बांधलेला पाला बायकोच्या, जनीच्या, हातात द्यायचा. जनी नजर खाली घालून, ओठ घट्ट मिटून ते बोचकं घ्यायची आणि मागच्या पडवीत पाट्याकडे जायची. त्या खाली गेलेल्या नजरेचा धाकलूला भारी अभिमान. एरवी ही बाई त्याला उभा-आडवा झोडपायची, भाकरी वाढतानासुद्धा चार शब्द सुनावायची, पण बोचकं घेताना कशी गप्प होते बघा, विद्येला मान देते, असं तो म्हणायचा. पाड्यात कुणी बायकोची तक्रार घेऊन आला तर त्याला तो आपल्या घरचा हा दाखला द्यायचा.

शहाण्णव सालच्या दिवाळीनंतर पाड्यावर विद्यापीठाच्या बाई आल्या. डॉ. अनिता कोर्डे. जीवविज्ञान विभागात त्या जखमा भरून आणणारी झाडं शोधत होत्या. बरोबर हरेश होता, मुरबाडकडल्या शेतकऱ्याचा मुलगा, बाईंच्या हाताखाली डॉक्टरेटचा अभ्यास करणारा. धाकलूचं नाव बाईंना त्यानंच सांगितलं होतं, कारण त्याच्या आत्याचा पाय धाकलूनं वाचवला होता.

बाई तोऱ्यात आल्या असत्या तर काही प्रश्नच नव्हता, त्यांना फसवताना धाकलूला उलट मजा आली असती. पण त्यांनी चपला बाहेर काढल्या, सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसल्या, नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली आणि वर अर्धी भाकरी मागून घेतली. इथेच घोडं पेंड खाऊ लागलं. मागून जेवणाऱ्या माणसाशी खोटं कसं बोलायचं?

बाईंनी वही उघडून झाड कोणतं ते विचारलं. धाकलूची नजर मागच्या दारातून बाहेर गेली. घरामागच्या बांधावर कोंबडपाला माजला होता. त्याखाली कोंबड्या सावलीला बसतात म्हणून त्याला कोंबडपाला म्हणायचे, याहून त्याला दुसरी कीर्ती नव्हती. शेळी त्याला तोंड लावत नाही, सरपणाला तो उपयोगाचा नाही. दोनदा धाकलू कोयता घेऊन तो साफ करायला गेला, तर कोंबड्या अंडी कुठे घालतील म्हणून जनीनं घर डोक्यावर घेतलं होतं. तेव्हापासून त्यानं त्याचा नाद सोडला होता.

धाकलूनं त्याच्याकडे बोट दाखवलं. नुसतं बोट दाखवून थांबला असता तरी चाललं असतं, पण खोटं नीट वठावं म्हणून त्यानं कोंबडपाल्याला तांदूळ वाहिले, हात जोडले आणि डाव्या हातानं पाला तोडला. हरेशनं भराभर फोटो काढले. पाला वाटायला धाकलूनं जनीच्या हातात दिला. त्या दिवशी मात्र जनीची नजर खाली गेली नाही. तिनं आधी पाल्याकडे पाहिलं आणि मग नवऱ्याकडे असं काही पाहिलं की धाकलूनं नजर फिरवली. पण वाटणारीनं बोलायचं नाही, तेव्हा ती मुकाट्यानं पाट्याशी जाऊन बसली. पोतंभर कोंबडपाला जीपमध्ये चढला. अशा रीतीनं धाकलूनं जीवविज्ञान विभागाच्या तोंडाला पानं पुसली.

त्या दिवसापासून जनीचं बिनसलं. भाकरी वेळेवर मिळायची, पण तिच्याबरोबर मिळणारे चार शब्द बंद झाले. बावीस वर्षं ज्या बडबडीनं धाकलूचं डोकं उठत होतं तिच्यावाचून त्याला आता अन्न गोड लागेना. पाहुणीला फसवलं म्हणून हिला राग आलाय, हे त्यानं मनाशी पक्कं केलं. राग यावा असंच ते होतं, त्यालाही ते बोचत होतंच. पण शपथेपुढे तो तरी काय करणार होता?

वर्ष-दीड वर्षानं हरेश हसत हसत आला. विद्यापीठात उंदरांच्या पाठीवर लहानशी जखम करतात, अर्ध्यांना कोंबडपाल्याचा अर्क लावतात, अर्ध्यांना नुसतं साधं मलम. मलमवाल्यांना पंधरा दिवस लागले आणि अर्कवाले नऊ दिवसांत बरे झाले, असं त्यानं सांगितलं. धाकलूला उंदरांची कीव आली. उंदराचं काय घेऊन बसलात, त्याची कातडी आपोआप भरते, असं त्यानं मनात म्हटलं आणि चहा पुढे केला. पुढच्या खेपेला उंदरांचे ससे झाले. त्याच्या पुढल्या खेपेला हरेश स्वतः डॉक्टर होऊन आला आणि शहापूरच्या एका कॉलेजात शिकवायला लागल्याची बातमी घेऊन आला. त्याच्या प्रबंधात धाकलूचा रंगीत फोटो होता, डाव्या हातात कोंबडपाला धरलेला. दर खेपेला हरेशचा आनंद वाढायचा आणि धाकलूचं तोंड उतरायचं. आपल्या एका थापेवर गरिबाचं पोर डॉक्टर झालं, आता ही थाप मागे कशी घ्यायची, हेच त्याला कळेना.

दोन हजार चार साली हरेश पेढे घेऊन आला. कोंबडपाल्यातून अर्क काढायच्या रीतीचं विद्यापीठाला पेटंट मिळालं होतं. पेटंट म्हणजे काय ते धाकलूनं विचारलं. हरेशनं समजावलं की ही रीत आता विद्यापीठाची, त्यांना विचारल्याशिवाय दुसऱ्या कुणी ती वापरायची नाही. म्हणजे गोमाकाकाचीच शपथ, फक्त शिक्का मारलेली, असं धाकलूच्या मनात आलं. शहापूरला कॉलेजच्या सभागृहात सत्कार होता, बाई येणार होत्या, धाकलूला शाल आणि श्रीफळ मिळणार होतं. आणि निघता निघता हरेश सहज बोलावं तसं बोलून गेला.

"पुढच्या वर्षी माणसांवर सुरू करायचंय, धाकलूबाबा. साखरेवाल्या पेशंटांचे पाय."

धाकलूच्या हातातला पेढा हातातच राहिला. उंदीर-सशांपर्यंत त्यानं मनाची समजूत घातली होती. पण साखरेनं सडलेले पाय त्यानं या हातांनी बांधले होते, त्यांचा वास त्याला ठाऊक होता. तसल्या पायावर शेळीही खात नाही असला पाला लावून, त्याच्या भरवशावर महिनाभर बसलं तर पुढे काय होतं? पाय कापायचा, नाहीतर माणूस गमवायचा. आणि याचं पाप कुणाच्या माथी? चार दिवस त्याला घास गिळवेना. खरं सांगावं तर शपथ मोडते, औषधाचा गुण जातो, हरेशची डॉक्टरकी जाते, बाईंना तोंड दाखवायला जागा राहत नाही. त्यात त्याच वर्षी त्याला आपल्या मुलाला, सुरजला, झाड दाखवायचं होतं. सुरज वाशिंदच्या कारखान्यात कामाला, रविवारचा घरी यायचा. अंगावर एवढं मोठं खोटं घेऊन मुलाला विद्या कशी द्यायची? शेवटी त्यानं ठरवलं, सत्काराच्या दिवशी सगळ्यांसमोर खरं सांगून टाकायचं, मग काय व्हायचं ते होवो.

पण त्याआधी जनीला सांगायला हवं होतं. सत्काराच्या सकाळी दोघं डोळखांबच्या रस्त्याला एसटीची वाट बघत उभी होती. जनीनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि तोंड नेहमीसारखं फुगलेलंच होतं. धाकलूनं घसा खाकरला.

"जने, त्या दिवशी बायला मी खोटं झाड दाखवला. कोंबडपाला औषध नाय."

जनी सावकाश वळली.

"मंग मी तीस वरसं काय वाटते?"

आणि मग ती बोलायला लागली ती आठ वर्षांचं साठलेलं सगळं घेऊनच. नवी नवरी म्हणून ती घरात आली तेव्हा गोमाकाकाच्या बायकोनं तिला पाट्याशी बसवून, मुठीत तांदूळ देऊन शपथ घातली होती. डोंगरावरून पाला येईल तो कोंबड्यांना टाकायचा आणि बांधावरचा कोंबडपाला वाटायचा. कोवळे शेंडे तेवढे घ्यायचे, हळद आणि मोहाच्या बियांचं तेल घालायचं. जखम आधी उकळलेल्या पाण्यानं धुवायची. आणि तोडणाऱ्याला हे कधीच कळू द्यायचं नाही. काकीला तिच्या सासूनं सांगितलं होतं, सासूला तिच्या सासूनं. असं का, ते जनीनं कधी विचारलं नव्हतं. घरात माणूस विव्हळत पडलाय, अशा वेळी पुरुष पायांत घोटाळण्यापेक्षा डोंगरावर असलेला बरा, असं कुणा शहाण्या बाईला कधीकाळी वाटलं असेल.

राग तिला पाहुणीला फसवल्याचा नव्हताच. नवऱ्याला आपलं गुपित कळलं, तरी त्यानं आपल्याला एका शब्दानं विचारलं नाही, आपला पाला उचलून बाईंना दिला आणि वर स्वतःचा फोटो काढून घेतला, असं ती आठ वर्षं समजून चालली होती. आता उलगडा झाल्यावर ती मैलाच्या दगडावर बसली आणि पदर तोंडात कोंबून हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

धाकलूचा पहिल्यांदा जीव भांड्यात पडला. पाय वाचले लोकांचे. मग हळूहळू दुसरी गोष्ट ध्यानात आली. तीस वर्षं चढलेला तो कडा आठवला, गुडघे आठवले, पावसात दोनदा घसरून मोडता मोडता वाचलेला हात आठवला. तीस वर्षं दोन्ही तालुक्यांनी त्याचे पाय धरले होते, आणि त्यानं काय केलं होतं तर कोंबड्यांना चारा आणला होता. त्याला भर रस्त्यात रडू आलं आणि तेवढ्यात एसटी आली.

गाडीत बसल्यावर बऱ्याच वेळानं त्यानं हळूच विचारलं, "काकाला म्हाईत व्हतं?"

"नाय," जनी खिडकीबाहेर बघत म्हणाली. "तोबी चढायचाच."

सभागृह भरलं होतं. हरेशनं धाकलूच्या विद्येवर दहा मिनिटं भाषण केलं, ते ऐकताना धाकलूला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. शाल खांद्यावर पडली, नारळ हातात आला आणि कुणीतरी माईक तोंडापुढे धरला. धाकलूनं ठरवलेलं सोडलं नाही. यात माझं काही नाही, मला झाड ठाऊकच नव्हतं, मी भलतंच तोडत होतो, औषध हिचं आहे, असं त्यानं स्वच्छ सांगितलं आणि पहिल्या रांगेत बसलेल्या जनीकडे बोट दाखवलं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रमुख पाहुणे उठून म्हणाले की शिकलेल्या लोकांनी नम्रता शिकायची ती अशा माणसांकडून, यशाचं सगळं श्रेय यानं पत्नीला दिलं. बाईंनी डोळे पुसले. धाकलूनं पुन्हा माईक धरला आणि नम्रता नाही, खरंच सांगतोय, असं म्हटलं, तर टाळ्या आणखी वाढल्या. उभ्या जन्मात एकदा खोटं बोलला ते विद्यापीठानं सशापर्यंत तपासून खरं ठरवलं, आणि खरं बोलला तर त्याच्यावर एका माणसाचा विश्वास बसेना.

चहाच्या वेळी त्यानं बाईंना कोपऱ्यात गाठलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. बाई आधी हसल्या, मग ऐकता ऐकता गंभीर झाल्या. माणूस म्हणून वाईट नव्हत्या त्या. त्यांना कळलं, आणि वाईटही वाटलं. पण शोधनिबंध छापून झाले होते. पेटंटाच्या कागदावर शोध लावणाऱ्यांच्या रकान्यात त्यांचं, हरेशचं आणि विभागातल्या आणखी दोघांचं नाव होतं. धाकलूचं नाव तिथेही नव्हतं, ते शेवटी आभारात होतं. पाट्यावर वाटणारीसाठी कुठलाच रकाना नव्हता, आणि आता नवा रकाना काढायचा तर त्याला किती वर्षं लागतील ते बाईंनाही सांगता येईना.

जनीला त्या कागदांचं काही पडलेलं नव्हतं. तिला एकच विचारायचं होतं. पाला कोवळा घेतला की जून? बाई म्हणाल्या, पोत्यातला सगळाच सावलीत वाळवून त्याची पूड केली.

"म्हून नऊ दिस लागले," जनी म्हणाली. "कोवळा शेंडा घ्या, वल्लाच वाटा. सहा दिसांत भरंल."

बाईंनी ताबडतोब पर्समधून वही काढली. वहीत छापील रकाने होते. 'कोवळे शेंडे, ओले' असं त्यांनी लिहिलं आणि माहिती देणाऱ्याच्या रकान्यात सवयीनं 'धाकलू' लिहून खाली तारीख टाकली. धाकलूला वाचता येत नव्हतं म्हणून बरं.

त्यानंतर महिनाभर कुणी पेशंट आला नाही. आला तर आपण काय करायचं, याचा धाकलू विचारच करत नव्हता. ओटीवर बसून राहायचा. जनी मात्र पुन्हा पूर्वीसारखी बोलायला लागली होती आणि त्याला भाकरी पुन्हा गोड लागत होती, एवढंच काय ते बरं होतं.

मग एका रविवारी शेणवे गावाहून देवराम नावाच्या माणसाला डोलीतून आणलं. पोटरीत कोयता गेला होता, फडकं रक्तानं भिजलं होतं. जनीनं चुलीवर पाणी चढवलं. देवराम, त्याची बायको, डोली आणणारे चौघे, सगळे धाकलूकडे बघायला लागले. तो उठेना. तेव्हा जनी आतून आली, त्याच्यापुढे फडकं आणि मूठभर तांदूळ ठेवले आणि म्हणाली की सुरज घरीच आहे, त्याला बरोबर घेऊन जा आणि झाड दाखवा.

धाकलूनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू विचारलं, "कंचं?"

"तुमचं," जनी म्हणाली.

बापलेक डोंगर चढले. वाटेत धाकलूनं दहा वेळा ठरवलं की पोराला खरं सांगायचं. का म्हणून त्यानंही गुडघे झिजवायचे? कड्याखाली झाड होतं तिथेच होतं, त्याच्याकडे आज रागानं बघायचं असं धाकलूनं ठरवलं होतं, पण तेही जमलं नाही. आणि सुरज, ज्यानं बापाचा एक शब्द कधी ऐकला नव्हता, ज्याला शेती नको होती, पाडा नको होता, त्यानं न सांगता कारखान्याचे बूट काढून ठेवले आणि झाडापुढे हात जोडले. त्याचं ते तोंड बघून धाकलूनं खरं सांगायचं सोडून दिलं. त्यानं मुलाच्या मुठीत तांदूळ दिले. तोडणाऱ्यानं वाटायचं नाही. वाटणारीनं बोलायचं नाही. सुरजनं एकेक वाक्य मागून म्हटलं.

दोघं उतरून आले तेव्हा घरामागच्या बांधावर कोंबडपाल्याचे शेंडे नुकतेच खुडलेले दिसत होते. पडवीच्या दारात सुरजची बायको दिपिका उभी होती आणि तिच्या मागे, पाट्याशी, जनी. दिपिकाच्या उजव्या मुठीला तांदळाचे दोन दाणे चिकटलेले होते. सकाळपासून नवऱ्याला धड उत्तर न देणारी ती पोरगी आता एक अक्षर बोलली नाही. तिनं नजर खाली घातली, ओठ घट्ट मिटले आणि सुरजच्या हातातलं बोचकं घेतलं. धाकलूनं तिच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं. हसू दाबताना ओठांची कड थरथरत होती. तीस वर्षं त्याच्या पुढ्यात जनीच्या ओठांचीही कड तशीच थरथरत असणार, आणि त्यानं एकदाही वाकून पाहिलं नव्हतं.

ती आत गेल्यावर सुरज छाती काढून बापाच्या कानाशी आला.

"बगितला ना, बा? एरवी माजं काय ऐकते का ती? पन विद्येला मान देते."

धाकलू हो म्हणाला. मागच्या बाजूला काहीतरी फेकल्याचा आवाज झाला, कोंबड्या कलकल करत तिकडे धावल्या आणि पाट्यावर वरवंटा फिरायला लागला.